सगळ्यांना द्रोण, मला वाटी

सोनगीर, ९ ऑगस्ट

पुनम,

आशीर्वाद मागाहून. आधी विचारायचं ते विचारते. कानबाईच्या खिरीत ते औषध कोणी टाकलं, तू की तुझ्या बापानं?

फोनवर विचारणार नाही. फोनवर बोललेलं कुठे कुठे जातं ते मला माहीत आहे, म्हणून पत्र. पाकीट कणकेनं चिकटवून वर बोट दाबलं आहे. जळगावात तुझ्या हाती पडायच्या आधी कोणी उघडलेलं दिसलं तर कळव.

तुम्हाला वाटलं, सुगंधाबाईला काय कळतंय. अगं, अख्खी नोकरी अंगणवाडीत काढली मी. कोणत्या पोरानं मुठीत काय दडवलंय ते मला दारातून समजायचं. प्रसादाला सगळी भाऊबंदकी बसली होती, सुरतेहून तुझे काका-काकू आले होते, सगळ्यांपुढे पळसाचे द्रोण. मला तेवढी स्टीलची वाटी. का? द्रोण गळतो म्हणून? की माझं कोणतं ते चुकायला नको म्हणून? तू वाटी ठेवलीस आणि पदर सावरत लगेच वळलीस. आणि तुझा बाप, जो जेवताना ताटातून मान वर काढत नाही, तो माझ्या वाटीकडे टक लावून बघत होता. तोवर दोन घास पोटात गेले होते.

होळीपासून मी माझं वेगळं रांधते हे तुला ठाऊक आहे. का रांधते ते पुन्हा लिहीत नाही, लिहिलं की तुम्ही एकमेकांना डोळे मारता. पण कानबाईच्या दिवशी मी बघत नाही. तुझ्या बापानं गिरणी धुऊन पुसून आधी नैवेद्याच्या रोटांचे गहू दळले, खीर सगळ्यांची एका पातेल्यात शिजली. देवीच्या नैवेद्यात कोणी हात घालणार नाही, एवढं मी धरून चालले होते. वर्षातला तो एकच दिवस मी दुसऱ्याच्या हातचं खाते आणि तुम्ही नेमका तोच हेरलात.

मग मी जे बोलले ते बोलले. घरात पाय ठेवू नकोस म्हणाले, ते आठवतं. काकू म्हणते तुझ्या पोटातल्यालाही काहीबाही बोलले. ते मला आठवत नाही, आणि काकूवर माझा विश्वास नाही.

बाटली मला सापडली. गिरणीच्या पट्ट्यामागे पान्यांचा डबा असतो, त्यात. एवढीशी, वर थेंब मोजायची नळी, सगळं इंग्रजीत. मी ती माझ्या ट्रंकेत ठेवली आहे आणि किल्ली गळ्यात आहे. तुझ्या बापानं अजून विचारलेलं नाही. डबा उघडून बघतो, झाकतो, माझ्याकडे बघतो आणि गिरणीत जातो.

मी सध्या केळी आणि भाजलेल्या शेंगा खाते. केळ्याला साल असते, शेंगेला टरफल असतं. तुझ्या सासऱ्यांनी मळ्यातला घड पाठवला, तोही उजेडात धरून बघितला, सुईचं भोक नाही. त्यांना सांग, केळी गोड आहेत.

आता मुद्द्याचं. तुझ्या सासूनं इकडे फोन करून सांगितलं म्हणे, बाळंतपण जळगावातच करू, तिकडचं वातावरण बरं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पुनम. माझं माझ्या आईनं केलं, तिचं तिच्या आईनं. तुझं मला करायचं आहे. आणि तुझ्या हातचं मला काही खायचं नाही. या दोन गोष्टी एका घरात कशा बसवायच्या ते तूच सांग, शिकलेली आहेस.

आई


सोनगीर, २४ ऑगस्ट

पुनम,

तुझं उत्तर नाही. बापाशी मात्र फोनवर बोलतेस. तो गिरणी चालू ठेवून बोलतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. दाणे नसताना गिरणी फिरते आहे हे मला आवाजावरून कळतं, एवढंही त्याच्या लक्षात येत नाही.

शेजारच्या तोतारामनं गच्चीवर कॅमेरा बसवला आहे. ट्रॅक्टरचं डिझेल चोरीला जातं म्हणून, असं तो सांगतो. मग त्याचं तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे कसं? मी खिडकीला पोतं लावलं. तुझ्या बापानं काढलं. मी परत लावलं. आता तो काढत नाही.

हायवेची गोष्ट तुला कोणी तिखटमीठ लावून सांगितली असेल तर खरी मानू नकोस. मी सकाळी पाय मोकळे करायला गेले होते. ट्रकवाल्यानं उगाच ब्रेक दाबला आणि वर शिव्या दिल्या. बाकी काही नाही.

नळावरच्या बाया अजून माझं नाव घेतात. 'ती बघ, ती बघ' चालूच असतं. हलकटपणा बघ, पाणी आलेलं नसतं, नळावर चिटपाखरू नसतं, तेव्हाही बोलायचं सोडत नाहीत.

मी धुळ्याला जाऊन आले. तुझ्या बापाच्या सदऱ्यात डॉक्टरचं कार्ड होतं, त्यावरून पत्ता काढला. ट्रंकेतली बाटली घेतली, एस.टी.त बसले आणि गेले. तिथली मुलगी म्हणाली, "पेशंट कुठंय?" म्हटलं, मीच. म्हणाली, "तुम्ही नाही हो मावशी, पेशंटला आणा." मी नाव सांगितलं, तिनं कागद काढून बघितला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचं तरी नाव चोरून आणलंय. पेशंट म्हणे इतकं सरळ बोलत नाही.

शेवटी डॉक्टरनं आत घेतलं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे काय आहे, कशाचं आहे, मला न बघता कसं दिलंत. तो माणूस वाईट बोलला नाही. हसून म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, मी त्यांना समजावतो." म्हटलं, पोटात माझ्या गेलं आणि समजावणार त्यांना? तर म्हणे टेन्शन घेऊ नका, आणि घंटी वाजवली.

म्हणजे माझ्या नवऱ्याला माहीत आहे, लेकीला माहीत आहे, धुळ्याच्या डॉक्टरला माहीत आहे. जिला पाजलं तिलाच तेवढं सांगायचं नाही. आणि वर म्हणता, ही संशय घेते.

तुला मळमळ अजून होते का? आलं चघळ, पण आल्याचा तुकडा तू स्वतः सोल.

आई


सोनगीर, १७ सप्टेंबर

पुनम,

मंगळवारी मी बी.पी.च्या गोळ्या आणायला शिंदखेड्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. सोनगीरहून धुळं जवळ, शिंदखेड्याला कशाला गेलीस, असं तू विचारशील. धुळ्यात मला आता ओळखतात.

तिथे कोपऱ्यातल्या खोलीत दहाबारा माणसं सतरंजीवर बसलेली, आणि एक मुलगी चित्रांचा तक्ता लावून बोलत होती. तुझ्याच वयाची असेल. मिसबाह तिचं नाव, भुसावळची, बाप रेल्वेत. मनाच्या आजारावर कायकाय उपचार असतात, ते आजारी माणसाला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगते. मी चौकटीतच उभी राहिले. ती म्हणाली, "काकू, आत या." म्हटलं, मी इथूनच ऐकते. तर म्हणाली, "बरं, तिथे खुर्ची देते, दार उघडंच असू द्या." हे मला जरा बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, हिला कसं कळलं मला दार उघडं लागतं?

सगळे गेल्यावर मी विचारलं, तुला माझ्या नवऱ्यानं, हिलाल पाटलानं पाठवलं का? म्हणाली, मी त्यांना ओळखत नाही. विचारलं, भुसावळची तू, शिंदखेड्याला कशी? म्हणाली, नेमणूक इकडची मिळाली, मलाही लांबच पडतं. विचारलं, तुम्ही माणसाला न सांगता जेवणात औषध टाकायला लावता का?

तिनं तक्ता गुंडाळून ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "नाही. आणि तुमच्या बाबतीत कोणी केलं असेल तर ते चुकीचं झालं. ज्याचा उपचार, त्याला आधी कळलं पाहिजे. तुमचा तो हक्क आहे."

पुनम, कानबाईपासून कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. एकतर 'तुझा भ्रम आहे', नाहीतर 'तुझ्या भल्यासाठी'. चुकीचं झालं, एवढे दोन शब्द तुम्हा दोघांपैकी एकाला जमले नाहीत. मी तिथेच रडले. आणि रडताना बघत होते की ती कागदावर काही लिहितेय का. लिहीत नव्हती.

मग मी बाटली काढली. तिनं वाचून सांगितलं, काय आहे ते. ज्यांना बोलणारं कोणी नसताना आवाज येतात, कोणीतरी आपल्यामागे लागलंय असं पक्कं वाटत राहतं, त्यांना देतात. विष नाही. पण तपासल्याशिवाय, आणि त्या माणसाला माहीत नसताना द्यायचं हे औषध नाही. मी म्हटलं, मला काही आवाज येत नाहीत, नळावरच्या बाया बोलतात. ती म्हणाली, "बरं. कधी बोलतात?" मी सांगितलं. पाणी नसताना बोलतात तेही सांगितलं. त्यावर तिनं मान हलवली नाही, समजावलं नाही. घरी येताना एस.टी.त मला वाटलं, पाणी नसताना बाया नळावर कशाला येतील?

मी तिला भंडावून सोडलं. माझ्यासारखीला कायकाय उपचार आहेत ते सगळं सांग, लपवू नकोस, असं म्हटलं. तिनं सांगितलं. गोळ्या असतात. पातळ औषध असतं, तेच हे. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. बोलायला बसायचं असतं, एकटीनं आणि घरच्यांबरोबर. फारच वाढलं तर काही दिवस दवाखान्यात राहायचं. मी विचारलं, शॉक? म्हणाली, तो असतो, भूल देऊन देतात, माणसाला समजावून. तुमच्यासाठी त्याचा विचार आत्ता दिसत नाही, पण ते डॉक्टर तपासून सांगतील, मी डॉक्टर नाही. विचारलं, आणि काहीच नाही केलं तर? म्हणाली, तोही तुमचा निर्णय असू शकतो, त्यात काय होऊ शकतं तेही सांगते. आणि सांगितलं. तिला हायवेचं काही माहीत नसताना तिनं जे सांगितलं ते मला आवडलं नाही.

औषधाचे तोटे विचारले तर सगळे सांगितले. हात कापतील, अंग जड होईल, झोप येईल, लाळ सुटेल, वजन वाढेल. सगळ्यांना सगळं होत नाही, झालं तर आम्हाला सांगायचं, डोस बदलता येतो. मला अंगणवाडी आठवली. पोटुशा बायांना लोहाच्या गोळ्या देताना मी आधी सांगायची, शी काळी होईल, घाबरू नका. सांगितलं की बाया गोळी घ्यायच्या. एकदा माझ्या जागेवर आलेल्या बाईनं सांगितलं नाही, तर सगळ्या गोळ्या उकिरड्यावर सापडल्या.

मी अजून काही ठरवलेलं नाही. हे तुझ्या बापाला सांगू नकोस. सांगितलंस की मला कळेल.

आई


सोनगीर, १२ ऑक्टोबर

पुनम,

मी गोळी घेते. बापाकडून कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

शिंदखेड्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. मला, तुझ्या बापाला नाही. आजाराचं नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही, पोस्टमन आपल्याच गल्लीतला आहे. मग विचारलं, काय घ्याल? पातळ औषधाला मी चक्क नाही म्हटलं, ते कशातही मिसळतं. इंजेक्शनला नाही म्हटलं, आत काय गेलं ते दिसत नाही. गोळीचं पाकीट मात्र मी हातात घेऊन बघितलं. प्रत्येक गोळी बंद, वर नाव छापलेलं, मी स्वतः फोडायची. मिसबाहला म्हटलं, याला साल आहे, हे चालेल. केळ्यांचं मी तिला आधी सांगितलं होतं. हसली नाही. म्हणाली, "चांगलं कारण आहे, काकू. लिहून घेऊ का?" आधी विचारलं आणि मग लिहिलं.

पहिल्या आठवड्यातच हात कापायला लागले. चहा बशीत सांडला. उशी लाळेनं ओली. जबडा असा आखडला की शेंग फुटेना. मला वाटलं, फसले. गोड बोलून तेच केलं. पाकीट ट्रंकेत टाकलं आणि तुझ्या बापाला नको नको ते बोलले. मग आठवलं की हे सगळं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, अगदी लाळेसकट. फसवणारा माणूस पुढचं वाईट कशाला सांगून ठेवेल? मी पाकीट घेऊन शिंदखेड्याला गेले आणि तिच्यापुढे आदळलं. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला, कापऱ्यासाठी वेगळी गोळी दिली. आता भाकरी थापता येते, कडेला जरा जाड होते.

मंगळवारी तुझ्या बापाला घेऊन गेले. त्यानं गिरणी बंद ठेवली. घराण्यात मौत झाल्याशिवाय तो गिरणी बंद ठेवत नाही, गावात दोघांनी विचारलं कोण गेलं म्हणून. मिसबाहनं आम्हाला समोरासमोर बसवलं आणि त्याला म्हणाली, काका, तुम्हाला काय वाटत होतं ते काकूंना सांगा. तो पंख्याकडे बघत बसला. मग अहिराणीतच बोलला, बाहेर कोणाशी तो मराठीच बोलतो.

"तुले सांगतू तं तू लेती का?"

मी म्हटलं, नसतं घेतलं. पण मग तू माझ्याशी भांडला असतास. भांडलास तर मला कळतं तू कुठे उभा आहेस. पाठीमागून थेंब टाकलेस तर मी कोणाला शोधू? मग हायवेचं निघालं. ट्रकचा ब्रेक त्याला गिरणीत ऐकू आला होता. तो तसाच पळाला, पिठानं पांढरा. गिरणी रिकामी फिरत राहिली आणि दगड घासून गेले. दगडांना पुन्हा टाकी लावून खाचा पाडून घ्याव्या लागल्या हे मी बघितलं होतं, पण का ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं माझ्या पिठात कच पडावी म्हणून केलंय.

तेव्हा मीही सांगितलं. पाय मोकळे करायला नव्हते गेले. नळावरच्या बाया म्हणाल्या, पलीकडे जा, म्हणून मी पलीकडे जात होते. गाड्या दिसत होत्या मला. तुझा बाप तिथे खुर्चीवर लेकरासारखा रडला, पुनम. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला, आणि हात धरताना खिसाही चाचपून बघितला, खोटं कशाला सांगू.

मिसबाहनं विचारलं, खिरीत टाकायचं कोणाच्या मनात आलं? तो झटकन म्हणाला, "मीच टाकं. पोरनी काही चूक नही." आणि परत पंख्याकडे बघितलं. तुझा बाप खोटं बोलताना वर बघतो. लग्नापासून बघतो. देवीच्या दिवशी मी नक्की खाईन, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचणार? गिरणीबाहेर त्याचं डोकं चालत नाही. आईचं नेमकं कुठे ढिलं पडतं, हे लेकीलाच ठाऊक असतं.

मी त्याला खोटं पाडलं नाही. तुलाही पुन्हा विचारणार नाही. पण मला कळलं आहे हे तुला कळावं, म्हणून लिहिलं.

आई


सोनगीर, ९ नोव्हेंबर

पुनम,

काल तुझ्या बापानं फोन ठेवला आणि पहिल्यांदा गिरणी बंद करून माझ्याकडे आला. म्हणाला, पोरगी विचारते, मी आले तर आई माझ्या हातचं खाईल का?

तीन महिन्यांनी तुझा एक प्रश्न आला, तोही बापाच्या तोंडून. मी त्याला म्हटलं, उत्तर पत्रानं देते. त्यावर त्याला हसू आलं. फोन घेता येतो मला आता, पण सगळ्याच सवयी एकदम मोडत नाहीत.

आधी खरं काय आहे ते ऐक, मग ठरव. मी बरी झाले असं कोणी सांगितलं तर मानू नकोस. नळावरच्या बाया अजून बोलतात, पण आता लांबून बोलतात, आणि पाणी आलंय का हे मी आधी बघून घेते. नसेल तर भाजी चिरत राहते. मिसबाहला विचारलं, कायमचं जाईल का? म्हणाली, "मला माहीत नाही, काकू. बऱ्याच जणांचं खूप कमी होतं. गोळी मनानं बंद करायची नाही, एवढं मला माहीत आहे." माहीत नाही म्हणणारी माणसं मला आजकाल बरी वाटतात.

खिडकीचं पोतं मी स्वतः काढलं. त्याआधी तोतारामच्या घरी गेले आणि म्हटलं, दाखव तुझा कॅमेरा. त्यानं टीव्हीवर लावून दिला. ट्रॅक्टर दिसतो, डिझेलची टाकी दिसते आणि आमची अर्धी तुळस दिसते. म्हणजे मी अगदीच खोटं बोलत नव्हते. त्यानं कॅमेरा बोटभर तिकडे वळवला आणि मला चहा दिला. तो मी घेतला नाही. अजून तेवढं जमत नाही.

घरात मी तुझ्या बापाच्या हातचं खायला लागले आहे. कशी, ते सांगते. तो करतो आणि मी शेजारी पाट टाकून बसते. काय टाकतोय ते बोलत बोलत टाकायचं, असं मिसबाहसमोर ठरलं. 'आता मीठ टाकस. आता हळद टाकस.' गिरणीवाल्या माणसाला काय स्वयंपाक येणार, वरण पाण्यासारखं होतं. पण वाटीत काय आहे ते मला माहीत असतं. गोळी मी त्याच्यासमोर फोडते, नाव मोठ्यानं वाचते आणि गिळते. तो म्हणतो, हां.

तुझ्या सासूला सांग, त्यांची काळजी बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं. त्यांना म्हणावं, मंगळवारी शिंदखेड्याला या, काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलंय की यांना सगळं सांगायला माझी हरकत नाही. बाळाजवळ मी एकटी असू नये असं त्यांना वाटत असेल तर मी एकटी राहणार नाही. हे लिहिताना मला राग आला, पण लिहिलं.

आणि तुला काय वाटत असेल ते मला कळतं. मी वाटीला भ्यायले, तशी तू माझ्या लाडवाला भिशील. बाळंतिणीचं पथ्य आईच्या हातचं, आणि आईचं डोकं असं. म्हणून मी अजून काही करून ठेवलेलं नाही. डिंक आणला आहे, अळीव आणले आहेत, सुंठ, खारका, सगळं बंद पुडीत आहे. तू आलीस की स्वयंपाकघरात पाठीला उशी घेऊन बस. पुड्या तू फोड. मी तळेन, कुटेन, वळेन, आणि काय घालते ते बोलत बोलत घालेन. एक लाडू आधी मी खाईन. शंका आली तर विचार, मला राग येणार नाही. या घरात विचारलेलं चालतं आता.

खिरीच्या वाटीचं मी मनातून काढलं आहे असं लिहिणार होते, पण निघालेलं नाही. पुढच्या कानबाईला मलाही द्रोण हवा, सगळ्यांसारखा. गळला तर गळू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी खूप विचार केला. मिसबाहला विचारलं तर ती म्हणाली, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मग मी ठरवलं, एकदम जेवण नको, आपण चहापासून सुरू करू. तू ये, बापाला धुळ्याच्या स्टँडवर घ्यायला पाठवते. चहा मी ठेवते, साखर तू घाल. मी तुझ्या हाताकडे बघत राहीन, ते काही माझ्यानं सुटायचं नाही. पण पिईन.

आई